आरोग्याचे खाते आणि गोळ्यांचा भरणा

'आरोग्यम् धनसंपदा' हे वचन आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बँकेत नोकरी करणाऱ्याचा या वचनातील धनाशी रोजचा परिचय असतो. आरोग्याशी खरी ओळख मात्र चाळिशीचा उंबरठा दिसू लागल्यावरच होते. पाठ दुखू लागते, जिना चढताना धाप लागते, वार्षिक तपासणीच्या अहवालात एखाद्या आकड्यापुढे ठळक खूण उमटते. अशा वेळी कोणी तरी हितचिंतक आपुलकीने सांगतो, "एखादी मल्टिव्हिटॅमिन सुरू करा. फायदा झाला तर झाला, नुकसान तर काही नाही ना!"

'नुकसान तर काही नाही' हे वाक्य ऐकले की बँक अधिकाऱ्याने सावध व्हावे, असे आमचे प्रशिक्षण सांगते. ज्या योजनेत जोखीम शून्य आणि लाभ निश्चित, अशी योजना अजून तरी कोणी पाहिलेली नाही. मग जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिनांची भुकटी, माशाच्या तेलाच्या कुप्या, वनस्पतींचे अर्क अशा आहारपूरकांनाच हा नियम का लागू नसावा?

बदलीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या चंदीगडमध्ये आहे. हे शहर प्रकृतीविषयी जागरूक आहे, यात शंका नाही. सुखना तलावाच्या काठी पहाटे फिरणाऱ्यांची रीघ असते, सेक्टरासेक्टरांतून बागा आहेत, व्यायामशाळा तर गल्लोगल्ली. त्याच जागरूकतेची दुसरी बाजू औषधांच्या दुकानात दिसते. पूर्वी ज्या फळीवर ग्लुकोजचा डबा आणि च्यवनप्राशाची बरणी एवढेच असे, तेथे आज रंगीबेरंगी डब्यांची भिंत उभी आहे. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक शाखेत येतात, तेव्हा रांगेतील गप्पांचा विषय व्याजदराइतकाच गोळ्यांचाही असतो. कोणी गुडघ्यांसाठी घेतो, कोणी स्मरणशक्तीसाठी, तर कोणी नुसतेच 'ताकद राहावी' म्हणून.

या गोळ्यांनी आरोग्य खरोखर सुधारते काय? मी वैद्यक शिकलेलो नाही. वाणिज्याचा विद्यार्थी आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आमच्याच परिभाषेत देता येते. 'पूरक' म्हणजे उणीव भरून काढणारे. तेव्हा पहिला प्रश्न असा हवा की, उणे काय आहे? तूट असलेल्या खात्यात भरणा केला तर त्या खात्याचा उद्धार होतो. तूटच नसेल, तर भरणा करणाऱ्याचा खिसा तेवढा हलका होतो, आणि कधी कधी त्याहूनही वाईट घडते.

तूट असेल तेथे

आहारपूरकाने चमत्कार वाटावा असा पालट घडविल्याचे एक थोर उदाहरण चंदीगडपासून काही तासांच्या अंतरावर घडले. हिमालयाच्या कुशीतील कांगडा खोऱ्यात गलगंडाचा विकार पिढ्यान्‌पिढ्या घर करून होता. डोंगरउतारावरील मातीतले आयोडिन पावसाने धुऊन जाते. त्या मातीत पिकणाऱ्या धान्यात ते उतरत नाही, आणि गळ्यातील ग्रंथी फुगत जाते. १९५६ साली, कांगडा हा पंजाबचाच जिल्हा असताना, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडिनयुक्त मीठ पुरविले, तिसऱ्यात साधे मीठ. काही वर्षांनी शाळकरी मुलांची तपासणी केली, तेव्हा पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले होते. तिसऱ्या भागात स्थिती जैसे थे होती. पुढे तिसऱ्या भागालाही आयोडिनयुक्त मीठ मिळू लागले आणि तेथेही विकार ओसरू लागला. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमामागे या कामाचे बळ होते. या प्रयोगाचा सविस्तर अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डॉ. एम. जी. देव व डॉ. एम. जी. करमरकर ही नावे वाचताना मराठी मनाला समाधान वाटल्यावाचून राहत नाही.

या यशामागील कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. तूट खरोखर होती. ती कशाची, हे नेमके ठाऊक होते. मात्रा चिमूटभर होती आणि किंमत नगण्य. शिवाय ज्यांना मीठ मिळाले व ज्यांना मिळाले नाही, अशा दोहोंची तुलना करून मगच निष्कर्ष काढला गेला. कोणाच्या तरी अनुभवावर विसंबून नव्हे.

दुसरे उदाहरण फॉलिक ॲसिडचे. पूर्वी ज्यांच्या अपत्यात पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष आढळला होता, अशा स्त्रियांना पुढील गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे १९९१ साली अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. काही पैशांच्या गोळीने एका कुटुंबाचे आयुष्यभराचे दुःख टळते. अशा गोळीला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल.

आपल्या महाराष्ट्राशी अधिक जवळचे उदाहरण बी-१२ या जीवनसत्त्वाचे आहे. वनस्पती हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाहीत. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, आणि शाकाहार हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण ही या कमतरतेची लक्षणे आपण सहसा 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' म्हणून सोडून देतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत व वृद्धांत ही तूट अधिक संभवते. शुद्ध शाकाहारी असलेल्या, दूधही बेताचेच घेणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ तपासून घेतले आणि कमी आढळल्यास गोळी सुरू केली, तर तो खर्च सत्कारणीच लागतो.

त्याच पुण्यातील दुसरी एक दीर्घकालीन पाहणी मात्र सावधगिरीचा धडा देते. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींची नोंद ठेवून १९९३ पासून त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर, पण बी-१२ अपुरे होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिनचा परिणाम मंदावल्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकण्याची, चिन्हे अधिक आढळली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ फॉलिक ॲसिड टाळावे असा मुळीच नव्हे. एका खात्यात भरणा करताना शेजारचे खाते रिते तर नाही ना, हेही पाहावे, एवढाच त्याचा बोध.

तूट नसेल तेथे

आता दुसरी बाजू पाहू. ज्यांचा आहार बऱ्यापैकी आहे आणि ज्यांना विशिष्ट कमतरता नाही, अशांनी या गोळ्या घेतल्यास काय होते?

काही वर्षांपूर्वीपर्यंत यासंबंधी फार मोठ्या आशा होत्या. जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा अधिक निरोगी असतात, असे अनेक पाहण्यांत दिसत असे. परंतु या निरीक्षणात एक गोम होती. गोळ्या घेणारा मनुष्य बहुधा सुस्थितीत असतो, फिरायला जातो, धूम्रपान टाळतो, वेळेवर तपासणी करून घेतो. त्याच्या आरोग्याचे श्रेय गोळीला द्यावे की त्याच्या शिस्तीला? आवर्ती ठेवीचा हप्ता कधीही न चुकविणारा ग्राहक कर्जाची परतफेडही वेळेवर करतो. ते त्याच्या पासबुकाच्या रंगामुळे घडते, असे आपण म्हणत नाही.

म्हणून संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे माणसांचे दोन गट पाडले. एकास खरी गोळी दिली, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण निर्गुण गोळी. निष्कर्ष अनेकांना चकित करणारे होते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढले होते. अमेरिकेतील तशाच स्वरूपाची एक चाचणी याच कारणास्तव १९९६ साली मध्येच थांबवावी लागली. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवरील आणखी एका अमेरिकी चाचणीत ई जीवनसत्त्वाने पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळेल, अशी अपेक्षा होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तो १७ टक्के अधिक आढळला. गाजर खाणे हितकर आहेच. गाजरातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळणे ही निराळीच गोष्ट ठरली.

'ड' जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ यांची परीक्षा अमेरिकेत जवळजवळ २६ हजार प्रौढांवर झाली. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वसाधारण प्रौढांत या दोहोंपैकी कशानेही कर्करोगाचे किंवा हृदयविकार व पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचे एकूण प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. २०२२ साली त्याच चाचणीतून आणखी एक निष्कर्ष आला : कमतरतेच्या निकषावर न निवडलेल्या निरोगी प्रौढांत 'ड' जीवनसत्त्वाने अस्थिभंगही कमी झाले नाहीत. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, मल्टिव्हिटॅमिनच्या काही चाचण्यांत वृद्धांच्या स्मरणशक्तीत अल्पसा लाभ दिसला आहे. परंतु तो अल्प आहे, आणि डब्यावरील जाहिरात जे आश्वासन देते त्याच्या जवळपासही नाही.

शरीराचा जमाखर्च साधा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचा अतिरिक्त भाग बव्हंशी मूत्रावाटे निघून जातो. तेथे नुकसान मुख्यत्वे पैशाचे. अ, ड, ई, के ही स्निग्धद्रव्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मात्र शरीरात साठत जातात. आपल्याकडे 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटांची पुडी किंवा कुपी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळापुरती लिहून दिली जाते. चंदीगडच्या डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सूर्यदर्शन दुर्मीळ होते, तेव्हा ती घेण्याची गरज अनेकांना पडतेही. तथापि चिठ्ठी नीट न वाचता हीच मात्रा रोज घेतली, किंवा मुदत संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर गंभीर परिणाम होऊ शकतो. 'अति तेथे माती' ही म्हण औषधालाही लागू आहे आणि पूरकालाही.

'नैसर्गिक' या शब्दाचे मोल

"या गोळ्या रासायनिक असतील, आमचे मात्र नैसर्गिक आहे," असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० सालच्या अखेरच्या महिन्यांत कावीळ व यकृतदाह झालेले असे सहा रुग्ण पाहिले, ज्यांनी गुळवेल सेवन केली होती. त्यांचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असेही सुचविले गेले. पुढे देशातील तेरा केंद्रांच्या पाहणीत असे ४३ रुग्ण नोंदले गेले. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञांनी सोडवावा. आपल्यापुरता बोध असा की, बाटलीत नेमकी कोणती वेल आहे याची खात्री नसेल, तर 'नैसर्गिक' हा शब्द हमीपत्र ठरत नाही. आणि यकृताचा जुनाट आजार असलेल्याने तर वैद्याला विचारल्यावाचून कोणताच काढा घेऊ नये.

व्यायामशाळांतील प्रथिनभुकटीची कथा याहून वेगळी नाही. पंजाब-हरियाणाच्या या पट्ट्यात पिळदार शरीराचे आकर्षण मोठे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा पहिल्या पगारातून पहिला डबा घेतो. २०२४ साली केरळातील डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांची प्रयोगशाळेत तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनाचा आकडा प्रत्यक्षाशी जुळत नव्हता. काहींत बुरशीजन्य विष, काहींत कीटकनाशकांचे अंश होते. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत स्नायू वाढविण्यासाठी अशी पूरके टाळण्याचा सल्ला दिला. ताळेबंदातील आकडे आणि तिजोरीतील रोकड जुळत नसेल, तर आपण त्या व्यवहाराला कोणते नाव देतो, हे बँकेच्या ग्राहकाला सांगावयास नको.

आणखी एक बाब ज्येष्ठांनी विशेष ध्यानी घ्यावी. पूरके इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम किंवा लोहाची गोळी एकत्र घेतली, तर पहिलीचे शोषण घटते. दोहोंत साधारण चार तासांचे अंतर हवे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने के जीवनसत्त्वयुक्त पूरक परस्पर सुरू केले, तर औषधाचा परिणाम बिघडतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकार ओळखण्याच्या काही रक्तचाचण्यांचे आकडेही चुकू शकतात. डॉक्टर 'कोणकोणती औषधे घेता?' असे विचारतात, तेव्हा "ते काय, साधे व्हिटॅमिन आहे" असे म्हणून ते सांगण्याचे टाळू नये.

विक्रीचे तंत्र आणि कायद्याची भाषा

हे सारे ज्ञात असूनही बाजार फुलतो, याचे कारण ही विक्री बहुधा भीती आणि स्नेह यांच्या आधाराने होते. दुकानदारास आपण नकार देऊ शकतो. मावसबहीण, शेजारी किंवा जुना सहकारी घरी येऊन डबा पुढे करतो, तेव्हा नकार जड जातो. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यास आल्या होत्या. कारण विचारले, तेव्हा कळले की एका परिचिताच्या आग्रहावरून त्यांना आरोग्यपूरकांचा मोठा साठा विकत घ्यायचा होता; स्वतः वापरायचे आणि चार जणांना 'जोडून' कमाईही करायची, असा बेत होता. ठेव त्यांची, निर्णयही त्यांचा. आम्ही फक्त मुदतपूर्व मोडण्याचा भुर्दंड कागदावर मांडून दाखविला आणि हा साठा कोणाला विकणार, त्यांची नावे लिहून पाहण्यास सुचविले. तिसऱ्या नावानंतर त्यांचे पेन थांबले. ठेव त्या दिवशी मोडली गेली नाही.

पैसे फिरविणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे. वस्तूच्या विक्रीपेक्षा माणसे जोडण्यावर अधिक भर दिसला की ग्राहकाने हात आखडता घ्यावा.

डब्यावरील बारीक अक्षरेही अवश्य वाचावीत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये आहारपूरक हे 'अन्न' या सदरात मोडते, औषध या सदरात नव्हे. म्हणूनच त्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. ज्या डब्यावर हे वाक्य आहे, त्याच डब्याबद्दल विक्रेता मधुमेह बरा होण्याची ग्वाही देत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे, हे उघड आहे. चौदा अंकी परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण, कमाल दैनिक मात्रा आणि मुदत समाप्तीची तारीख एवढे पाहिल्याशिवाय कोणताही डबा घरात येऊ नये.

ताटातील पूरके

मग बाजारातील डबा नाकारून काय करावे? याचे उत्तर एका मराठी विदुषीने फार पूर्वी दिले आहे. डॉ. कमला सोहोनी या १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ. दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी भागातील कुपोषित किशोरांच्या व गर्भवतींच्या आहारात नीरेची जोड दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. पूरक हवे होते, कारण तूट होती. आणि ते गरिबाच्या दारातील झाडातच सापडले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले.

त्याच धर्तीवर मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला प्रयोग केला. एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घातलेला अल्पोपाहार गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रामाणिक आहेत, म्हणूनच मोलाचे आहेत. सरसकट पाहता बाळांचे वजन वाढले नाही. परंतु ज्या मातांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा आहार घेतला, त्यांच्या बाळांच्या वजनात थोडी वाढ दिसली आणि गरोदरपणातील मधुमेहही या गटात कमी आढळला. अन्न गुण देते, पण ते सावकाश देते. ऐनवेळी केलेला भरणा येथेही फारसा कामास येत नाही.

आपल्या स्वयंपाकघराकडे या दृष्टीने पाहावे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अळिवाचे लाडू, तिळाची चटणी, मोड आलेली मटकी, लिंबू पिळलेली पालेभाजी ही आपली परंपरागत पूरकेच होत. येथे पंजाबात हिवाळा आला की मोहरीच्या पानांचा साग, मक्याची रोटी, चणे, शेंगदाणे आणि ताक यांनी ताट भरते. चंदीगडच्या मराठी घरांत आता भाकरीशेजारी साग येऊन बसला आहे. या शेजारधर्माने दोघांचेही भलेच झाले आहे. शिवाय रोजचे अर्धा तास चालणे आणि पुरेशी झोप यांची जागा घेणारी कुपी अजून कोणत्याही कंपनीने काढलेली नाही.

मंजुरीपूर्वीची छाननी

कर्जाचा अर्ज आला की आपण अर्जदाराचा चेहरा पाहून रक्कम देत नाही. गरज काय, पुरावा काय, रक्कम किती, मुदत किती आणि जोखीम काय, हे पाच प्रश्न विचारतो. आहारपूरकाच्या डब्यालाही हेच विचारावेत. मला कशाची कमतरता आहे? ती रक्ततपासणीने किंवा डॉक्टरांच्या परीक्षणाने ठरली आहे, की जाहिरातीने? मात्रा किती घ्यायची? ती किती दिवस घ्यायची आणि फेरतपासणी केव्हा? माझ्या इतर औषधांशी तिचे जुळते काय? या पाचांची उत्तरे मिळाली, तर गोळी जरूर घ्यावी आणि नियमाने घ्यावी. लोहाची गोळी चहासोबत न घेता लिंबूपाण्यासोबत घ्यावी, इतक्या बारकाईने घ्यावी. उत्तरे मिळाली नाहीत, तर प्रस्ताव नामंजूर करावा.

नामंजुरीने किती वाचते, हेही पाहू. दरमहा दीड हजार रुपयांची पूरके घेणारे कुटुंब दहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार रुपये खर्च करते. तीच रक्कम आवर्ती ठेवीत गेली आणि साडेसहा टक्के व्याज गृहीत धरले, तर हाती सुमारे अडीच लाख रुपये येतात. त्यातील निम्म्यात घरातील ज्येष्ठांच्या वार्षिक तपासण्या, रोजची फळे आणि दूध यांचा मोठा भार उचलला जाईल.

या जमाखर्चात एक विसंगती मात्र मनाला टोचत राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्यासाठी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. गर्भवतीने ती किमान १८० दिवस घ्यावयाची असते. गोळी आहे, गरज आहे, पुरावाही आहे. तरीही ती कितीतरी घरांत अर्धवट सोडली जाते, कारण ती फुकटची असते आणि तिची जाहिरात नसते. त्याच वेळी, जेथे तूट नाही अशा घरांत हजारो रुपयांचे डबे रिते होतात. घरकामाला येणाऱ्या बाईंचा फिकट चेहरा आपल्या रोज नजरेस पडतो. आपल्या टेबलावरील मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही तेथेच असते. आरोग्य केंद्रातील त्या गोळीची माहिती आपण त्यांना दिली आणि ती पुरी करण्याची आठवण करीत राहिलो, तर पूरकावर कोणालाही मिळणार नाही एवढा परतावा त्या चार शब्दांवर मिळेल.

म्हणून आहारपूरकांनी आरोग्य सुधारते काय, या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ज्याच्या खात्यात तूट आहे, त्याचे सुधारते. ज्याच्या खात्यात नाही, त्याच्या पैशाने दुसऱ्याचे खाते भरते. आपण कोणत्या बाजूस आहोत, हे सुजाण ग्राहकाने विक्रेत्याला विचारू नये. डॉक्टरांना विचारावे आणि स्वतःच्या ताटाकडे एकदा नीट पाहावे.